रेस हातात नसेल तर आधी स्क्रू फिरवू नका : थ्रॉटल, गव्हर्नर आणि मधल्या सांध्यांची तपासणी



१ ऑगस्टला बंदी उठते. दोन महिने ताडपत्रीखाली असलेल्या होड्या आता बाहेर निघतायत. जाळी शिवून झाली, रंग झाला, बर्फाचं सांगून झालं. इंजिनाचं काय? आपल्यातले बहुतेक जण ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात, हँडल मारतात, इंजिन धडधडलं की म्हणतात, "झालं, ओके आहे." पण इंजिन चालू होणं ही एक गोष्ट आणि पाहिजे तेव्हा रेस वाढणं, पाहिजे तेव्हा कमी होणं ही दुसरी. आजचा धडा या दुसऱ्या गोष्टीचा. पोस्ट मोठी आहे. जमलं तर होडीजवळ बसून, इंजिनाचं झाकण उघडून वाचा.

हा धडा आम्ही का लिहितोय

गेल्या मोसमात, ऑक्टोबरात, आमच्या एका सभासदाच्या होडीवर घडलेली गोष्ट. नाव सांगत नाही, पण लिहायला त्यांनीच सांगितलं.

एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, होडीवर तिघे. पहाटे शापोराच्या मुखातून बाहेर निघताना रेतीच्या पट्ट्यावर लाट फुटत होती. तांडेलाने नेहमीप्रमाणे रेस कमी करून एक लाट जाऊ दिली आणि मधल्या सवडीत निघायला दांडा ओढला. दांडा जड लागला. जोर लावला तशी केबलची तार टोकाशी तुटली. इंजिन बंद पडलं नाही, ते स्लोवर तसंच धपधप करत राहिलं. टाकीत डिझेल होतं, पंखा फिरत होता, पण पुढे जायला ताकद नव्हती. पुढच्या लाटेने होडी आडवी केली, त्याच्या पुढची अर्धी आत आली. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून तिघे सुखरूप परतले. जाळं गेलं.

किनाऱ्यावर आल्यावर इंजिन उघडून बघितलं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली अशी की केबल आतून गंजली होती आणि ती आदल्या दिवशी गंजलेली नव्हती. ऑगस्टपासूनच "रेस पुरत नाही" अशी तक्रार होती. तेव्हा केबल कोणी बघितली नाही. इंजिनावरचा स्लोचा स्क्रू थोडा फिरवला, फुलचा थोडा फिरवला आणि रेस "जमवली". दोन महिने काम भागलं आणि खरा दोष झाकून राहिला.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी. तार तुटली तरी इंजिनावरचा लिव्हर शाबूत होता. झाकण उघडून तो लिव्हर कोणी हाताने ढकलला असता, तर रेस मिळाली असती. होडीवरच्या तिघांपैकी एकालाही तो लिव्हर कुठला हे माहीत नव्हतं.

म्हणून आज एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवायची आहे : दोष दांडा, केबल, स्प्रिंग आणि सांध्यांत शोधायचा. स्क्रू सगळ्यात शेवटी.

आपण डिझेल देत नाही, हुकूम देतो

मोटारसायकलची मूठ पिळली की कार्बुरेटरचं दार थेट उघडतं. होडीच्या डिझेल इंजिनात तसं नाही. आपण दांडा ओढतो तेव्हा केबल इंजिनावरचा लिव्हर फिरवते आणि तो लिव्हर फक्त एक स्प्रिंग ताणतो. किती डिझेल सोडायचं हे पुढे गव्हर्नर ठरवतो.

गव्हर्नर म्हणजे काय? इंजिनाच्या गिअरवर बसवलेली दोन किंवा जास्त वजनं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती बाहेर फाकतात. फाकली की एक आर्म ढकलतात आणि तो आर्म फ्युएल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, 'कमी'च्या बाजूला नेतो. उलट दिशेने आपली स्प्रिंग त्याच रॅकला 'जास्त'च्या बाजूला ओढत असते. वाफेच्या इंजिनाला जेम्स वॉटने १७८८ मध्ये असाच गव्हर्नर लावला होता. युक्ती तीच आहे.

रापण ओढताना दोर दोन बाजूंनी ताणलेला असतो, तसं समजा. एका टोकाला स्प्रिंग, दुसऱ्या टोकाला वजनं. दोघांची ताकद जिथे बरोबरीत येते तिथे रॅक थांबतो आणि तेवढंच डिझेल जातं.

याची गरज समुद्रात पावलोपावली पडते. होडी लाटेवर चढताना इंजिनावर लोड येतो, फेरे कमी होऊ लागतात, वजनं आत मिटतात, स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढतं. होडीचा मागचा भाग उचलला जाऊन पंखा हवेत फिरला, की लोड एकदम जातो, फेरे वाढतात, वजनं फाकतात आणि डिझेल कमी होतं. आपण दांड्याला हातही लावलेला नसतो. गव्हर्नर नसता तर पंखा पाण्याबाहेर आला की दर वेळी इंजिन किंचाळलं असतं.

हे समजलं की दोष ओळखणं सोपं जातं :

• स्प्रिंग तुटली, निसटली, ढिली झाली किंवा केबल तुटली, तर वजनं जिंकतात. इंजिन स्लोवर येतं किंवा रेस घेत नाही.

• गव्हर्नर आणि पंपामधली लिंक निसटली किंवा रॅक 'जास्त'वर अडकला, तर डिझेल कमी करणारं कोणी उरत नाही. इंजिन सुसाट पळतं. सगळ्यात धोक्याचा दोष हा.

• सांधे जाम किंवा फार ढिले झाले, तर हुकूम उशिरा पोचतो. रेस आपोआप वर-खाली, वर-खाली होत राहते. मेकॅनिक याला हंटिंग म्हणतात.

हात घालण्याआधी

इंजिन बंद आणि थंड. होडी बांधलेली. डिझेलचा कॉक बंद. सेल्फ असेल तर बॅटरीची वायर काढलेली. लुंगीचा सोगा, गळ्यातली साखळी, सैल बाही आवरलेली.

मग मोबाइल काढा आणि सगळ्या लिंकचे तीन-चार बाजूंनी फोटो घ्या. स्प्रिंग कुठल्या भोकात आहे ते फोटोत नीट दिसलं पाहिजे. नेलपॉलिशचा एक ठिपका त्या भोकापाशी लावा आणि दोन्ही स्क्रूंवरही लावा. पुढे कोणी स्क्रू फिरवला तर कळेल आणि तुम्हाला मूळ जागी परत येता येईल.

मीठ आणि चिकट काळं ग्रीस ब्रश घेऊन साफ डिझेलने धुवून घ्या. गंजलेला सांधा, वाकलेली पिन, तुटायला आलेली स्प्रिंग घाणीखाली दिसत नाही. अर्धे दोष या धुण्यातच सापडतात.

तपासणी १ : दांड्यापासून इंजिनापर्यंत

दोघे जण लागतात. एकाने दांडा पूर्ण स्लोवरून पूर्ण फुलवर न्यायचा, दुसऱ्याने इंजिनावरच्या लिव्हरवर नजर ठेवायची. लिव्हर एका टोकाला स्लोच्या स्क्रूला टेकला पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला फुलच्या स्क्रूला.

टेकत नसेल, तर स्क्रूला हात न लावता केबल लिव्हरपासून सोडवा आणि लिव्हर हाताने फिरवा. हाताने दोन्ही टोकांना टेकतो? मग दोष केबलीत किंवा दांड्यात आहे. हातानेही जड लागतो किंवा मध्येच अडतो? मग दोष इंजिनावर आहे, पुढच्या तपासण्यांकडे चला. एवढ्या एका परीक्षेत निम्मं काम होतं.

केबलीत काय बघायचं :

• टोकाशी तारेचे धागे सुटलेत का? दोन-चार धागे तुटलेले दिसले तर केबल बदला. "अजून चालेल" म्हणू नका. शापोराच्या मुखातली तीच ती केबल.

• बाहेरचं कव्हर क्लिपमध्ये घट्ट आहे का? कव्हर सरकत असेल तर दांडा ओढल्यावर तारेऐवजी कव्हरच हलतं आणि रेस अर्धीच मिळते.

• केबल कुठे एकदम वळलीय का, सायलेन्सरला चिकटलीय का, पेटीखाली दबलीय का? वळण मोठं आणि सैल हवं.

• आतून गंजली असेल तर तेल सोडून ती चार दिवस मोकळी होते आणि पाचव्या दिवशी पुन्हा धरते. गंजलेल्या केबलीला दुरुस्ती नाही, बदली आहे.

आणखी एक नेहमीची तक्रार : "दांडा फुलवर ठेवतो आणि रेस हळूहळू आपोआप उतरते." इंजिनाची स्प्रिंग लिव्हरला सतत मागे ओढत असते. दांड्याच्या बुडाशी असलेला नट किंवा वॉशर ढिला झाला असेल, तर इंजिनाच्या थरथरीने दांडा सरकतो. नट घट्ट करा. दांडा हाताने सहज हलला पाहिजे, पण सोडल्यावर जागेवर राहिला पाहिजे.

तपासणी २ : स्प्रिंग

काही इंजिनांत गव्हर्नरची स्प्रिंग बाहेर दिसते, काहींत ती कव्हरच्या आत असते. बाहेर असेल तर बघा : दोन्ही हुक शाबूत आहेत का, मानेशी गंजून बारीक झालेत का, ढिली असताना वेढे एकमेकांना चिकटतात का. वेढ्यांमध्ये फट राहिली असेल तर ती स्प्रिंग बहुधा ताणून खराब झालीय.

स्प्रिंग त्याच इंजिनाची, त्याच मापाचीच घालावी. सायकलच्या दुकानातून आणलेली "साधारण तशीच" स्प्रिंग चालत नाही. ती जास्त कडक असेल तर वजनांना फेरे वाढल्यावरच जिंकता येतं, म्हणजे इंजिन गरजेपेक्षा जोरात फिरतं. नरम असेल तर लोडवर इंजिन बसतं.

भोकाचंही तसंच. आर्मला दोन-तीन भोकं असतात ती कंपनीने वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेली असतात. भोक बदललं की फेरे बदलतात आणि गव्हर्नरचा स्वभावही बदलतो. काल नीट असलेलं इंजिन आज हंटिंग करायला लागलं, तर कोणी स्प्रिंग काढून घातली होती का ते आधी विचारा.

तपासणी ३ : गव्हर्नरपासून पंपापर्यंत

ही तपासणी इंजिनाच्या जिवाची, म्हणून इथे घाई नको.

इंजिन बंद असताना वजनं मिटलेली असतात. तेव्हा दांडा फुलवर ठेवला की रॅक 'जास्त'कडे गेलेला असतो. आता स्टॉपचा लिव्हर ओढा. रॅक 'बंद'कडे गेला पाहिजे. सोडा. रॅक पटकन परत आला पाहिजे. रॅक आत असेल आणि दिसत नसेल, तर स्टॉपचा लिव्हर हीच तुमची खिडकी. तो गुळगुळीत चालतो का, मध्ये कुठे अडतो का, हे बोटांना कळतं. काही इंजिनांत स्टॉप हाताने परत आणावा लागतो. तुमच्या इंजिनाची रीत तुम्हाला माहीत असेलच.

स्टॉपचा लिव्हर जाम असेल, किंवा ओढूनही रॅक हलत नसेल, तर ते इंजिन चालू करू नका. "एकदा चालू झालं की मोकळं होईल" हा विचार फार महागात पडतो. रॅक 'जास्त'वर अडकलेलं इंजिन चालू झालं तर ते थांबवायचं साधन तुमच्या हातात राहत नाही.

पावसाळ्यात उभ्या इंजिनाचा रॅक जाम होणं नवीन नाही. डिझेलमध्ये पाणी आलं असेल तर गंज धरतो, जुन्या डिझेलचा चिकटा बसतो. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, बोटाने हळू हलवून बघा. हातोडी, पक्कड, पान्याचा दणका नको. तेवढ्याने मोकळा झाला नाही तर पंप उतरवून पंपवाल्याकडे द्या. पंपाच्या आतले भाग फार बारीक मापाचे असतात, वाळूवर बसून उघडायचे नाहीत.

तपासणी ४ : सांधे आणि पिना

प्रत्येक सांधा बोटांत धरून हलवा. पिन झिजून बारीक झालीय, भोक गोलाचं लांबट झालंय, असं दिसलं तर पिन बदला. दोन-तीन सांध्यांतली थोडी थोडी ढिलाई मिळून बरीच होते आणि इंजिन हंटिंग करतं.

स्प्लिट पिनच्या जागी खिळा, तांब्याची तार, जाळ्याचा दोरा असले उपाय आम्ही स्वतः केलेत, म्हणून सांगतो : परत येण्यापुरते ठीक, दुसऱ्या दिवशी परत निघायला नाही. खिळा निसटला की लिंक सुटते. कुठली लिंक सुटली यावर इंजिन स्लोवर येणार की पळणार हे ठरतं.

सांध्यांना तेलाचा एक थेंब पुरे. जाड ग्रीस थापू नका. त्यावर मीठ आणि रेती बसते आणि महिन्याभरात तेच ग्रीस सांधा धरतं.

बऱ्याच इंजिनांत गव्हर्नरची वजनं इंजिन ऑइलातच फिरतात. ऑइल काळं चिखल झालं असेल तर वजनंही आळशी होतात. म्हणून ऑइल बदलल्यावर हंटिंग कमी झालं, तर नवल वाटून घेऊ नका.

आता चालू करून बघा

होडी नीट बांधून, एक जण स्टॉपच्या लिव्हरवर हात ठेवून उभा. इंजिन गरम होऊ द्या. मग दांडा हळूहळू वाढवा, कमी करा.

रेस झोके खाते. डिझेलमध्ये हवा शिरली तरी असंच होतं, म्हणून गव्हर्नरला दोष देण्याआधी हवा काढा, फिल्टर बघा, टाकीकडून येणाऱ्या पाइपची क्लिप बघा. ते सगळं ठीक असूनही झोके चालू राहिले तर सांधे आणि स्प्रिंग.

लोडवर दम टाकते. इंजिनावरचा लिव्हर फुलच्या स्क्रूला टेकलेला आहे आणि तरी ताकद नाही? धूर बघा. काळा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पण एक तर हवा पुरत नाही किंवा लोड जास्त आहे. एअर फिल्टर बघा, पंख्यात जाळ्याचा तुकडा गुंतलाय का बघा, तळाला शिंपले धरलेत का बघा. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच कमी पडतंय : फिल्टर, हवा, किंवा रॅक पूर्ण उघडत नाही.

स्लोवर बंद पडते. आधी केबल सोडवून बघा. मग फिल्टर आणि हवा. हे सगळं बघून झाल्यावर स्लोचा स्क्रू पाव फेरा फिरवायला हरकत नाही. हा एक स्क्रू मालकाने फिरवावा असा आहे.

फुलच्या स्क्रूला सील का असतं

फुलच्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील, किंवा रंगाचा ठिपका असतो. ते सील तोडून "थोडी रेस वाढवून द्या" म्हणणारे आपल्यातच आहेत. हिशोब ऐका.

समजा इंजिन १५०० फेऱ्यांचं आहे आणि स्क्रू फिरवून १६५० केले. म्हणजे १० टक्के वाढ. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मागे-पुढे फेकण्याचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुमारे २१ टक्के. आणि पंख्याला लागणारी ताकद साधारण घनाने वाढते, म्हणजे सुमारे ३३ टक्के. त्या मानाने डिझेलही जास्त जळतं. होडीचा वेग मात्र तेवढा वाढत नाही.

तुमच्या इंजिनाचे फेरे किती ते प्लेटवर लिहिलेलं असतं. कानाने अंदाज लावू नका. प्रकाशाने फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर मिळतो. पाच-सहा होडीमालकांनी मिळून एक घेतला तरी पुरे. सील तोडलेलं असेल तर मेकॅनिककडून फेरे मोजून घेऊन ते पुन्हा लावा.

इंजिन पळालं तर

रेस आपोआप वाढत गेली, दांडा मागे घेऊनही उतरली नाही, तर विचार करायला काही क्षणच मिळतात. म्हणून क्रम आत्ताच पाठ करा :

१. स्टॉपचा लिव्हर ओढा आणि धरून ठेवा.

२. थांबलं नाही तर हवा बंद करा. हवा ओढण्याचं तोंड लाकडी फळीने किंवा जाड घडी केलेल्या गोणपाटाने घट्ट दाबा. हाताचा तळवा लावू नका, इंजिन तो ओढून घेतं. सैल फडकंही नको, ते आत जातं.

३. डिझेलचा कॉक बंद करा, पण पाइप आणि फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालतच राहतं. एकट्या कॉकच्या भरवशावर राहू नका.

४. समोर मोकळं पाणी असेल तर गिअर काढू नका. लोड काढला की इंजिन आणखी जोरात पळतं.

५. बाकीच्यांनी इंजिनापासून दूर व्हावं.

कधी कधी इंजिन डिझेलवर नाही, स्वतःच्या ऑइलवर पळतं. ऑइल काडीवरच्या खुणेच्या वर भरलं, किंवा ऑइलवाल्या एअर फिल्टरमध्ये जास्त ओतलं, तर ते हवेबरोबर आत ओढलं जाऊन जळतं. तेव्हा कॉक आणि स्टॉप दोन्ही निरुपयोगी ठरतात, फक्त हवा बंद करणं कामी येतं. म्हणून ती फळी आजच मापाची कापून इंजिनाच्या पेटीत ठेवा.

पळालेलं इंजिन थांबल्यावर कारण सापडेपर्यंत पुन्हा चालू करायचं नाही.

पेट्रोलचा पंप आणि आउटबोर्ड

पाणी उपसायचे छोटे फोर-स्ट्रोक पेट्रोल पंप आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्या गव्हर्नरचा आर्म बाहेर दिसतो आणि लिंकने कार्बुरेटरच्या दाराला जोडलेला असतो. रेस झोके खात असेल तर कार्बुरेटरचं दार बोटाने हलकेच एका जागी धरा, सायलेन्सरपासून हात सांभाळून. झोके थांबले तर दोष गव्हर्नर किंवा लिंकमध्ये. दार स्थिर असूनही झोके चालू राहिले तर कार्बुरेटरचा जेट तुंबलाय, तो साफ करा.

या इंजिनांत गव्हर्नरचा आर्म शाफ्टवर नटाने आवळलेला असतो. कोणी तो ढिला केला असेल तर बसवण्याची नेहमीची रीत अशी : इंजिन बंद ठेवून नट ढिला करा, आर्म सरकवून कार्बुरेटरचं दार पूर्ण उघडा, ते करताना आर्म ज्या दिशेला गेला त्याच दिशेला शाफ्ट जाईल तितका फिरवा आणि तसंच धरून नट आवळा.

आउटबोर्डला सहसा असा गव्हर्नर नसतो. तिथे मूठ, केबल आणि कार्बुरेटरची लिंक एवढंच. केबलीची तपासणी वर सांगितली तीच. मात्र लिंकच्या दांड्यांची लांबी आपल्या मनाने बदलू नका, बऱ्याच इंजिनांत ठिणगीची वेळही त्याच लिंकने बदलते. आणि स्टॉपची लाल दोरी मनगटाला बांधा. ती लोंबकळत ठेवायला दिलेली नाही.

बंदी उठण्याआधी प्रत्येक होडीने करायचं काम

पेटीत ठेवा : एक जादा केबल, एक गव्हर्नरची स्प्रिंग, मूठभर स्प्लिट पिना, पक्कड, दोन पाने, टॉर्च आणि ती फळी. हे सगळं मिळून एका गेलेल्या जाळ्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

आणि एक सराव करा. जेटीला बांधलेल्या होडीवर, इंजिन बंद असताना, होडीवर येणाऱ्या प्रत्येकाला बोलवा. तांडेल, खलाशी, नवीन आलेला पोरगा, सुट्टीत बरोबर येणारा मुलगा, सगळ्यांना. इंजिनावरचा रेसचा लिव्हर कुठला, कुठल्या बाजूला ढकलला की रेस वाढते, स्टॉप कुठला, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने हलवून दाखवायचं. लिव्हरला पिवळा रंग लावा, स्टॉपला लाल. फिरता पट्टा किंवा फ्लायव्हील जवळ असेल तर कुठून हात घालायचा आणि कुठून नाही तेही दाखवा. मग इंजिन चालू करून एकाने दांड्याला हात न लावता लिव्हरने होडी पुढे काढून दाखवायची. दहा मिनिटांचं काम आहे.

ज्यांच्या होडीची ही गोष्ट आहे, त्यांनी केबल बदलली, दोन्ही स्क्रू मूळ जागी आणले आणि मेकॅनिकसमोर फेरे मोजून सील लावून घेतलं. आता दर अमावास्या-पौर्णिमेला दांडा फुलवर नेऊन लिव्हर स्क्रूला टेकतो का बघतात. ते म्हणाले, "इंजिनाने दोन महिने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही."

यंदा नारळ अर्पण करण्याआधी एकदा इंजिनाचं झाकण उघडा. तपासणीत काय सापडलं ते खाली लिहा, फोटो टाका. तुमच्या इंजिनाची लिंक वेगळ्या तऱ्हेची असेल तर तेही सांगा. दुसऱ्या कोणाला तरी ते पट्ट्यावर उपयोगी पडेल.

सगळ्यांचा मोसम भरभरून जावो, आणि सगळे सुखरूप परत येवोत.